वर्कशॉपसाठी ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचंय, तीन डेमो झाले, तिन्ही आवडले, आता निवडायचं कसं?

भोसरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असतो पण आता गरज पडली म्हणून धागा काढतोय. भोसरीत आमचं सीएनसी टर्निंगचं वर्कशॉप आहे, मी आणि माझा चुलतभाऊ (दादा) मिळून बघतो. प्रायव्हेट लिमिटेड आहे, टर्नओव्हर १० कोटींच्या थोडा पुढे. हिशोब टॅलीत, स्टॉक एक्सेलमध्ये आणि खरा स्टॉक आमच्या स्टोअरकीपर काकांच्या डोक्यात.

परवा एका मोठ्या कस्टमरचा ऑडिटर आला, डिस्पॅच झालेल्या एका लॉटवर बोट ठेवून म्हणाला की ह्याचा हीट नंबर (बार धातूच्या कुठल्या ओतीतला ते सांगणारा नंबर) आणि मटेरियल सर्टिफिकेट दाखवा. सापडलं, पण जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी चार जण फायली उपसत बसले होते. त्याने शेरा मारला आणि दादाने त्याच संध्याकाळी ठरवलं की ईआरपी घ्यायचंच.

तीन पार्ट्या बोलावल्या. पहिला पुण्यातलाच, स्वतःचं सॉफ्टवेअर, साडेतीन लाख एकरकमी. दुसरं क्लाउडवरचं, दर युजरमागे दर महिन्याला पैसे. तिसरा एका मोठ्या ब्रँडचा पार्टनर, चौदा लाख आणि वर "कस्टमायझेशन ॲट ॲक्चुअल्स", म्हणजे आमच्यासाठी करायच्या बदलांचे होतील तेवढे पैसे वेगळे. दादाला तिसरा आवडलाय कारण त्यांचा माणूस टाय लावून आला होता (मस्करी नाही करत). मला कळत नाहीये की नेमकं काय बघून ठरवायचं. डेमो तिघांचेही सुरेख झाले, तिघांच्याही डेमोत १०० नग आले, १०० नग वापरले, १०० नग विकले.

लेजरताई

आधी कायद्याचं बघून घ्या, आवडीनिवडीचं नंतर. तुम्ही कंपनी आहात म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून तुमच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असायलाच हवी, म्हणजे कुठल्या एंट्रीत कधी आणि काय बदललं त्याची नोंद, आणि ती बंद करता येता कामा नये. पार्टनरशिप फर्मला हे लागू नाही, तुम्हाला आहे. तुमच्या हिशोबाच्या ऑडिटरला त्याबद्दल रिपोर्टात लिहावं लागतं. पहिल्या पार्टीला तोंडावर विचारा की स्क्रीनवरून केलेला बदल नोंदला जातो ते ठीक, पण तुमचा माणूस थेट डेटाबेसमध्ये घुसून आकडा बदलतो (आणि हे लोक बदलतात, "मॅडम मागून करून देतो" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय) त्याची नोंद कुठे राहते? चेहरा बघा मग.

दुसरं, ५ कोटींच्या वर असल्यामुळे ई-इन्व्हॉइस तुम्हाला १ ऑगस्ट २०२३ पासून आहेच, आणि १० कोटींच्या वर गेलात तर १ एप्रिल २०२५ पासून बिल ३० दिवसांच्या आत पोर्टलवर चढवायचं बंधन पण आलं. सॉफ्टवेअरमधून आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा पोर्टलवरचा नंबर) निघतो का एवढंच विचारू नका, तो तर सगळेच काढून दाखवतात. चुकलेलं बिल रद्द करून दाखवा म्हणा. पोर्टलवर २४ तासांत रद्द होतं, नंतर क्रेडिट नोट काढावी लागते, मग तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये रद्द आणि पोर्टलवर जिवंत असं झालं की महिनाअखेरीला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) जुळवायला माझ्यासारखी कोणीतरी रात्री बसते.

क्लाउडवाल्याला हेही विचारा की हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज होतो का. कंपन्यांसाठी तो पण नियम आहे.

आळशी_बोका

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच घोळ चालू आहे. टायवाल्याला हसू नका, आमचा टायवाला गुडघ्यापर्यंत बूट घालून शॉपफ्लोअरवर फिरला होता, ऑर्डर मिळाल्यावर परत दिसला नाही.

कोल्हापुरी_लेथ

भावा, ते १०० आले १०० गेले बघूच नको. इकडं शिरोलीत आम्ही काय केलं सांगतो. आपल्याच फायलीतलं सगळ्यात वंगाळ चलन (माल बाहेर पाठवायचा कागद) काढलं आणि प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवलं, म्हणलं हे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आत्ता माझ्यासमोर बसवून दाखवा.

चलन असं होतं. ५०० नग प्लेटिंगला बाहेर पाठवले. परत आले ४८०, ते पण तीन खेपांत. त्यातले १२ प्लेटिंगला खराब, ते आपल्याकडं रिजेक्ट. राहिलेले २० प्लेटरकडं, त्यातले ८ तो म्हणतो आलेच नव्हते. आता खरी गंमत, आपण पाठवतो नगावर आणि प्लेटर बिल लावतो किलोवर. आणि ५०० मध्ये दोन हीट नंबरचे बार मिसळलेले. एवढं झाल्यावर कस्टमरनं ३० नग परत पाठवून डेबिट नोट मारली.

पहिला म्हणाला सर हे कस्टमायझेशनमध्ये येईल. दुसरा म्हणाला सर तुमची प्रोसेस बदलावी लागेल, बेस्ट प्रॅक्टिस अशी आहे. तिसऱ्याचा पोरगा गप्प बसला, मग म्हणाला मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या, आणि संध्याकाळी त्यानं दोन गोष्टी बसवून दाखवल्या आणि तिसरी होत नाही म्हणून सरळ सांगितलं. त्यालाच काम दिलं. अजून तोच हाय.

भोसरीकर

हे चलन जबरदस्त आहे, आमच्याकडे अगदी असंच असतं, फक्त प्लेटिंगच्या जागी हीट ट्रीटमेंट. अजून एक भर घालतो, बार आम्ही किलोवर घेतो, स्टोअरमधून मीटरवर देतो, माल नगात मोजतो आणि टर्निंगचा स्क्रॅप परत किलोवर विकतो. हे चारही आकडे आमच्या एक्सेलमध्ये आजवर एकदाही जुळलेले नाहीत.

लेजरताई

@कोल्हापुरी_लेथ, +१००. त्या प्लेटरकडच्या २० नगांना जीएसटीचा काटा पण लावा. जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) पाठवलेला माल एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर पाठवला त्या तारखेला विकला असं धरून टॅक्स आणि व्याज लागतं. शिवाय टर्नओव्हर ५ कोटींच्या वर असेल तर आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचं विवरण) दर सहामाहीला. तेव्हा विक्रेत्याला म्हणायचं, कुठल्या जॉबवर्करकडे कुठल्या चलनाचा किती माल पडून आहे आणि किती दिवस झाले, ही यादी एका बटणावर काढ. ह्या एका रिपोर्टवर निम्मे लोक गळतात.

माजी_विक्रेता

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं काढली म्हणून चार गोष्टी सांगतो.

डेमोला येतो तो आणि इम्प्लिमेंटेशनला येतो तो, ही दोन वेगळी माणसं असतात. डेमोवाला प्री-सेल्सचा, त्याचं कामच ते. तुमच्याकडे येणारा पोरगा बहुधा नवा असतो आणि तुमच्याच फॅक्टरीत शिकतो. म्हणून प्रोजेक्टवर कोण येणार त्याला भेटल्याशिवाय सही करू नका आणि त्याचं नाव ऑर्डरमध्ये घाला, मधेच बदलला तर काय तेही लिहा.

कोटेशनमधला मोठा आकडा बघून घासाघीस करण्यात लोकांची ताकद जाते. लायसन्सवर डिस्काउंट मागा, मिळेल, मार्चअखेरीला तर मागायच्या आधी मिळेल, कारण टार्गेट असतं. पण एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे) कशावर लावणार ते बघितलं का? लोकल सॉफ्टवेअरला साधारण १५ ते २० टक्के असते, मोठ्यांत ओरॅकलसारख्यांकडे वार्षिक सपोर्ट लायसन्स फीच्या २२ टक्के. आता तुम्हाला १० लाखांचं लायसन्स ६ लाखांत दिलं आणि बारीक अक्षरात एएमसी लिस्ट प्राइसवर, म्हणजे मूळ १० लाखांवर, असेल, तर दिलेलं डिस्काउंट पुढच्या काही वर्षांत गुपचूप परत घेतलं जातं. एएमसी भरलेल्या रकमेवर, आणि दरवर्षीची वाढ किती टक्क्यांच्या वर नाही, हे दोन्ही लिहून घ्या. कोटेशनवर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, क्रेडिट मिळतं ते ठीक, पण पैसे आधी खिशातून जातात.

युजर किती हा तिसरा सापळा. नावानिशी युजर की एकाच वेळी किती जण आत? तुमच्याकडे तीन शिफ्टला तीन सुपरवायझर एकाच मशीनवर बसणार असतील तर नावानिशी तीन लायसन्स आणि एकावेळीच्या हिशोबात एकच. ह्या एका ओळीने कोटेशन पालटतं.

आणि रेफरन्स. विक्रेत्याने दिलेल्या नावांना फोन करून उपयोग नाही, ती त्याची लाडकी गिऱ्हाइकं. त्यांना फोन केलात तरी मालकाशी बोलू नका, स्टोअरवाल्याशी बोला. त्याला विचारा की एक्सेल बंद झालं का.

निविदा_समिती

तुमचं नशीब की तुम्हाला चलन पुढ्यात ठेवता येतं. आमच्याकडे (सरकारी उपक्रम, नाव विचारू नका) आधी पात्रता, मग तांत्रिक लिफाफा, मग आर्थिक, आणि तांत्रिकमध्ये पास झालेल्यात जो स्वस्त तो एल-१. गुणवत्तेला वजन देऊन निवडायची सोय आहे, २०२१ च्या केंद्राच्या सूचनांनंतर सल्लासेवा नसलेल्या कामांतही काही अटींवर ती वापरता येते, पण तिथेही गुणवत्तेचं वजन जास्तीत जास्त ३० टक्के. शिवाय निवड कशी केली ते फायलीवर पटवून लिहावं लागतं, म्हणून साहेब लोक एल-१ लाच धरून राहतात, उद्या आक्षेप आला तर सर्वात कमी दर हे उत्तर तयार असतं.

खरा खेळ स्पेसिफिकेशन लिहिताना होतो. बऱ्याच निविदांत गरजेच्या यादीत असे फीचर असतात की वाचताक्षणी कळतं कुणाच्या ब्रोशरवरून उतरवलंय. प्री-बिड मीटिंगला बाकीचे बिडर त्यावरच भांडतात. तेव्हा खाजगीवाल्यांनो, गरजेची यादी विक्रेत्याकडून लिहून घेऊ नका, फुकट देतो म्हणाला तरी.

फुकटचे_सल्ले

कोणी ओपन सोर्सचं (कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचं) नाव काढलं नाही अजून म्हणून मी काढतो. ईआरपीनेक्स्ट बघा, आपल्या मुंबईच्या फ्रापे कंपनीचं आहे, जीपीएल हे खुलं लायसन्स, युजरमागे पैसे नाहीत, मॅन्युफॅक्चरिंग, बॅच, सबकॉन्ट्रॅक्टिंग सगळं आत आहे आणि भारतीय जीएसटीसाठी वेगळं ॲप मिळतं. ओडू पण आहे, बेल्जियमचं, पण त्याच्या फुकटच्या कम्युनिटी आवृत्तीत पूर्ण अकाउंटिंग नाही, त्यासाठी एंटरप्राइझ घ्यावी लागते आणि तिथे युजरमागे पैसे सुरू होतात.

लायसन्स शून्य म्हणजे खर्च शून्य असं मात्र नाही. सर्व्हर, बॅकअप, अपग्रेड आणि बसवून देणारा माणूस लागतोच. फायदा एवढाच की तो माणूस पळाला तर दुसरा शोधता येतो, कोड आणि डेटा तुमच्याकडेच असतो.

आळशी_बोका

दुसरा सापडतो खरा, पण पहिल्याने काय करून ठेवलंय ते वाचून तो आधी कपाळाला हात लावतो.

फुकटचे_सल्ले

@आळशी_बोका, मान्य. म्हणून मूळ कोडला हात लावू न देता वेगळ्या ॲपमध्ये बदल करायला लावायचे, ही अट घाला. नाहीतर अपग्रेडच्या दिवशी सगळं निसटतं.

सांगलीकर_काका

मूळ प्रश्नातल्या पहिल्या पार्टीबद्दल बोलतो. लोकल माणसाचे फायदे आहेत, फोन केला की येतो, मराठीत बोलतो, चहा पितो. आमच्या व्याह्यांच्या कारखान्यात असंच एकाचं सॉफ्टवेअर होतं, डॉंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीवर) चालायचं, उत्तम चालायचं. पुढे तो गृहस्थ मुलाकडे परदेशी गेला, डॉंगल एक दिवस गेला आणि मागे राहिली एक बॅकअपची फाईल, जी उघडायला पासवर्ड पाहिजे होता. पार्टी, आयटम, शिल्लक हे सगळं छापील रिपोर्टांवरून परत टाइप करायला दोन मुली बसवल्या होत्या.

म्हणून ऑर्डरमध्ये हे पाहिजेच की माझा सगळा डेटा मी म्हणेन तेव्हा एक्सेलमध्ये किंवा तत्सम उघडता येईल अशा रूपात मिळेल. आणि नुसतं लिहून ठेवू नका, पैशाचा दुसरा हप्ता द्यायच्या आधी एकदा काढून बघा.

बर्मिंगहॅमचा_बाळ्या

मोठा ब्रँड म्हणजे बिनघोर असं ज्यांना वाटतं त्यांच्या दादांना माझ्या शहराची गोष्ट सांगा. इथल्या सिटी कौन्सिलने (महापालिकेने) १९९९ पासूनचं एसएपी सोडून ओरॅकल घेतलं (दोन्ही मोठ्या ब्रँडची ईआरपी), एप्रिल २०२२ मध्ये चालू केलं. मूळ बजेट साधारण २ कोटी पौंडांचं, पुढे अंदाज १० कोटींच्या वर गेला. बँकेत आलेला पैसा खात्यांना जुळवायची पद्धत त्यांनी स्वतःच्या सवयीप्रमाणे बदलून घेतली होती, ती चाललीच नाही, आणि वर्षाचे हिशोब ऑडिटला देण्याजोगे निघेनात. सप्टेंबर २०२३ मध्ये कौन्सिलने पैसे संपल्याची नोटीस काढली. कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) एप्रिल २०२४ मध्ये जवळपास १० टक्क्यांनी वाढला, तो मी भरतोय.

निविदा_समिती

@बर्मिंगहॅमचा_बाळ्या, त्या नोटिशीत मोठा वाटा समान वेतनाच्या दाव्यांचा होता ना? सगळं ओरॅकलच्या माथी नको.

बर्मिंगहॅमचा_बाळ्या

बरोबर, इक्वल पेची देणी हेच मुख्य. पण नेमके किती पैसे शिल्लक आहेत हे सांगणारी यंत्रणाच धड नव्हती, हाही भाग होता. जर्मनीतल्या लिडलचं तर शुद्ध सॉफ्टवेअरचंच उदाहरण आहे. किराण्याची एवढी मोठी साखळी, एसएपी आणायला सात वर्षं घालवली, सुमारे ५० कोटी युरो गेल्यावर २०१८ मध्ये प्रोजेक्ट गुंडाळला. एक कारण असं की लिडल स्टॉकची किंमत खरेदी भावाने धरायचं आणि त्या सॉफ्टवेअरची मूळ रीत विक्री भावाने. आपली रीत सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअर वाकवत बसले.

माजी_विक्रेता

ह्यावरून "कस्टमायझेशन अजिबात करू नका" असा उपदेश निघतो, तो पण अर्धाच खरा आहे. बिलाचा फॉरमॅट, मंजुरीच्या पायऱ्या, रिपोर्टातले कॉलम, ह्यात सॉफ्टवेअरचं ऐका, तुमच्या जुन्या सवयीला काही सोनं लागलेलं नाही. पण किलोवर घेऊन नगावर देणं ही काही सवय नाही, तो धंदाच तसा आहे. ते जमत नसेल तर सॉफ्टवेअर बदला.

अजून एक, पुढेमागे त्याला दुसरं काही जोडणार असाल, वजनकाटा, बारकोड, कस्टमरचं पोर्टल, तर त्याचे वेगळे पैसे लागतात का तेही आत्ताच विचारा. ब्रिटनमध्ये डिआजिओ कंपनीविरुद्ध एसएपीने २०१७ मध्ये हाच दावा जिंकला होता, की दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आमच्यात डोकावणारे पण युजरच, त्यांचेही पैसे द्या.

गटसचिवाचा_पोर

आमच्याकडं निवडीचा प्रश्नच आला नाही, वरूनच आलं. २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्या (गावातल्या शेतीकर्ज देणाऱ्या) संगणकावर आणायची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, नाबार्डमार्फत. माझे वडील गटसचिव, म्हणजे अशा सोसायट्यांचा कारभार बघणारे. निवडायची डोकेदुखी वाचली, चांगलंच झालं म्हणायचं, पण खरं काम सॉफ्टवेअर आल्यावर सुरू झालं. कर्जाच्या रजिस्टरात "बाळू पाटील", सातबाऱ्यावर "बाळासाहेब", आधारला "बाळकृष्ण", आणि गावात तसे तिघं. कुठली बाकी कुणाची हे ठरवायला वडील वह्या घेऊन लोकांच्या ओट्यावर बसत होते.

तुमच्या आयटमच्या नावांचं पण तसंच असणार बघा.

भोसरीकर

@गटसचिवाचा_पोर, तसंच आहे. एकाच बुशला आमच्याकडे ड्रॉइंग नंबर, कस्टमरचा पार्ट नंबर आणि "छोटा बुश" अशी तीन नावं आहेत, आणि एक्सेलमध्ये तिन्ही वेगळ्या ओळी.

काल रविवारी दादा आणि मी काकांना घेऊन बसलो. @कोल्हापुरी_लेथ यांच्या धर्तीवर आमची तीन चलनं निवडली, त्यातलं एक काकांनीच शोधून दिलं, इतकं भयाण आहे की दादा म्हणाला हे विक्रेत्यांना दाखवू नका, अब्रू जाईल. तिघांनाही पाठवलंय. पहिल्याचा फोन आला, येतो म्हणाला. क्लाउडवाल्यांनी एका व्हिडिओची लिंक पाठवली. टायवाल्यांचं म्हणणं आहे की हे "डिस्कव्हरी फेज"मध्ये बघू आणि डिस्कव्हरी फेजचे पैसे वेगळे.

दादा टॅली सोडायला तयार नाहीये, आणि मला वाटतं त्याचं बरोबर आहे. स्टोअर, जॉबवर्क आणि हीट नंबर नव्यात, बिलं आणि वह्या टॅलीतच, असं चालेल का?

लेजरताई

चालेल, फार लोक असंच करतात. पण बिल एकाच ठिकाणी तयार झालं पाहिजे. दोन्हीकडे टाइप करायचं असेल तर आठवड्यात नंबर चुकतील. आणि घ्यायच्या आधी एकदा बघा की टॅलीतच बॅच (लॉटनिहाय नोंद) आणि जॉबवर्कची सोय आहे, ती कोणी चालू करून वापरून तरी बघितली होती का? कदाचित नवं सॉफ्टवेअर घेण्याऐवजी कोणीतरी आठ दिवस बसून हेच नीट लावायचं असेल.

भोसरीकर

बॅचचा पर्याय आहे हे मलाच माहीत नव्हतं. आमच्या सीएच्या ऑफिसमधून कोणी येतं का विचारतो. पण शॉपफ्लोअरवर कुठल्या मशीनला कुठला लॉट चालू आहे ते तरी वेगळं लागेलच असं वाटतंय. चालू करायचं झालं तर १ एप्रिलला करावं असं दादाचं म्हणणं, ओपनिंग स्टॉक तेव्हा मोजतोच.

माजी_विक्रेता

१ एप्रिल नको. मार्चमध्ये कस्टमर माल ओढतो, अकाउंट्स वर्षअखेरीत बुडालेलं, आणि विक्रेत्याची माणसं त्याच तारखेला इतर चार ठिकाणी गो-लाइव्ह (सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालू) करत असतात.

लेजरताई

वह्या बदलणार असतील तर १ एप्रिलच बरा, अर्ध्या वर्षाचे दोन हिशोब जोडत बसणं मला नका सांगू. पण ते वह्या टॅलीतच ठेवणार आहेत, मग फक्त स्टोअरसाठी तारखेचं बंधन नाही. ज्या रविवारी मशीन बंद ठेवून सगळा माल मोजता येईल तो रविवार.

कोल्हापुरी_लेथ

आणि मोजायला काकांना एकट्याला बसवू नको, संगं एक नवीन पोरगं दे. काका मोजत न्हाईत, आठवून सांगतात.

भोसरीकर

हे मात्र शंभर टक्के. दिवाळीनंतरचा रविवार धरतोय. पहिली पार्टी गुरुवारी चलन बसवून दाखवायला येतेय, काय झालं ते इथेच टाकतो.

आळशी_बोका

ते काकांनी शोधलेलं भयाण चलन नावं खोडून इथे टाका की, आमच्या विक्रेत्यावर सोडतो.